'फाक' म्हणजे स्तुती की जेवण? ह्मार शब्दांच्या यादीबद्दल

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय. मुलगी ह्मार, माहेर मणिपुरातलं चुराचांदपूर, दोघंही बंगळुरूला नोकरीला. डिसेंबरात मुलीचे आईवडील, आजी आणि मामा सांगलीला यायचे आहेत. ताईंनी नेटवर 'रोजचे ह्मार शब्द, इंग्रजी अर्थासह' अशी तीनेकशे शब्दांची यादी शोधली, वहीत उतरवून घेतली आणि दीडशे शब्द पाठसुद्धा केले. व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या सुनेला म्हणून दाखवले, तर काहींना ती मान डोलावते, काहींना "आंटी, हे मिझो आहे" म्हणते, आणि 'फाक'ला तर हसत सुटली. यादीत 'फाक' म्हणजे स्तुती करणे. ती म्हणते, खाणे. आता यादी चुकली की मुलगी? आणि बरोबर यादी मिळेल कुठे?

ताई, मुलगी बरोबर आहे. यादीतला अर्थही कुणीतरी मनातून काढलेला नाही, तो फक्त दुसऱ्या भाषेतला आहे. मी शब्दसंग्रहाचं काम करते, बावीस वर्षं झाली. त्यातला बराच काळ आसामातल्या बराक खोऱ्यात आणि दक्षिण मणिपुरात गेला, त्यामुळे हा घोळ माझ्या ओळखीचा आहे. तुमचा प्रश्न यादीचा आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला विहीणबाईंशी चार शब्द बोलायचेत आणि मध्ये दोन पाहुणे येऊन बसलेत: एक मिझो, दुसरी इंग्रजी. त्यांना वेगळं कसं काढायचं ते सांगते.

आधी मिझो. ह्मार आणि मिझो या सख्ख्या बहिणी, तिबेटो-बर्मी कुळातल्या कुकी-चिन शाखेच्या. मिझोच्या मागे मिझोराम हे अख्खं राज्य आहे, वर्तमानपत्रं आहेत, शाळा आहेत. ह्मार बोलणारे २०११च्या जनगणनेत एक लाखाच्या जरा आतच भरले, तेही मणिपूर, आसाम, मिझोराम आणि मेघालय अशा चार राज्यांत विखुरलेले. धर्मप्रसारही आधी मिझोतून, म्हणजे तेव्हाच्या लुशाईतून झाला. १९१० साली वॉटकिन रॉबर्ट्स हा वेल्श माणूस मणिपुरातल्या सेनवोन या गावी पोचला तेव्हा त्याच्याकडचं शुभवर्तमान लुशाईतलं होतं. अशी थोरली बहीण शेजारी असली की धाकटीच्या नावाने थोरलीचे कपडे सहज खपतात. नेटवरच्या याद्या करणारा पुष्कळदा मिझो यादी घेतो, ओळखीच्या ह्मार माणसाला विचारून शे-पन्नास शब्द बदलतो आणि वर 'ह्मार' लिहितो.

तुमची यादी तपासायला तज्ज्ञ लागत नाही, चार खुणा पुरतात. मी मूळ शब्द इथे देवनागरीत लिहिते आहे, तुमच्या वहीत ते रोमनमध्ये असतील. ह्मार रोमन लिपीतच लिहितात. फक्त लक्षात ठेवा, ए आणि डब्ल्यू जोडून आले की उच्चार ऑ.

पहिली खूण: मिझोत जिथे 'इआ' येतो तिथे ह्मारमध्ये 'इए'. देव मिझोत पाथिअन, ह्मारमध्ये पाथिएन. आठ मिझोत पारिअत, ह्मारमध्ये पारिएत. मोठं म्हणजे मिझो लिअन, ह्मार लिएन.

दुसरी: मिझोतला 'उआ' ह्मारमध्ये 'उओ' होतो. गाव खुआ, खुओ. कापड पुआन, पुओन. नऊ पाकुआ, पाकुओ. नकाशात आपण जिला बराक म्हणतो ती नदी मिझोत तुइरुआंग आणि ह्मारमध्ये तुइरुओंग. तिला तुइवाइ नदी मिळते ते ठिकाण सरकारी कागदात तिपाईमुख, धरणाच्या वादामुळे पेपरात वाचलं असेल. ह्मार माणूस त्याला रुओंगलेवाइसुओ म्हणतो. शब्द लांबलचक, पण सोडवून बघा: रुओंग म्हणजे बराक, ले म्हणजे आणि, वाइ म्हणजे तुइवाइ, सुओ म्हणजे संगम. ही एक जोडणी कळली की यादीतले लांब शब्द बघून छातीत धस्स होत नाही.

तिसरी: मिझोतला 'छ' ह्मारमध्ये 'स' होतो. कुटुंब मिझोत छुंगकुआ, ह्मारमध्ये सुंगकुओ. यात दुसरी खूणही आलीच. दोन्हीकडच्या कथांमध्ये पूर्वज ज्या ठिकाणाहून बाहेर पडले त्याचं नाव मिझोत छिनलुंग, ह्मारमध्ये सिनलुंग. मिझोरामच्या उत्तर भागातल्या ह्मार वस्तीसाठी २०१८च्या करारानंतर जी स्वायत्त परिषद आली तिचं नावही सिनलुंगवरूनच आहे.

चौथी: मिझोत शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'ह' ह्मारमध्ये बहुधा गळतो. आणि म्हणजे लेह, ले. पाऊस रुआह, रुओ. प्रेम करणे ह्मांगाइह, ह्मांगाइ. याला अपवाद आहेत. आज्ञेचा 'रॉह' ह्मारमध्येही ह घेऊनच लिहिलेला दिसतो.

काही शब्द मात्र मुळातच वेगळे, त्यांना नियम लावू नका. जाणे मिझोत कल, ह्मारमध्ये फे. नकार मिझोत लो, ह्मारमध्ये नॉ. असणे-राहणे ऑम आणि उम. नदी लुइ आणि वादुंग. काय हा प्रश्न मिझोत एंग, ह्मारमध्ये इएंग. खाणे मिझोत एइ, ह्मारमध्ये फाक. तुमच्या हशाचं मूळ इथे आहे. मिझोत फाक म्हणजे स्तुती करणे, आणि तो शब्द प्रार्थनेतला, म्हणजे अगदी रोजचा. "मी देवाची स्तुती करतो" हे मिझो वाक्य ह्मार कानांनी ऐकलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. मुलगी उगाच हसली नाही. (घरातली पोरं हा शब्द इंग्रजी कानांनी ऐकून वेगळंच हसतील, ते आत्ताच उरकून टाका.)

आता वहीतल्या ज्या शब्दांना मुलगी "मिझो" म्हणाली ते या खुणांशी लावून बघा. माझा अंदाज, निम्मी यादी दुरुस्त होईल. पण पाहुण्यांसमोर "ह्मार म्हणजे मिझोच ना एका प्रकारे?" असं चुकूनही म्हणू नका. काही ह्मार घरं स्वतःला मोठ्या मिझो कुटुंबात धरतात, काहींना ते मुळीच चालत नाही, आणि कोणतं घर कुठलं हे बाहेरून कळत नाही.

इथे थोडं परिस्थितीवरही आहे. तुमची मंडळी चुराचांदपूरची, म्हणून वरचं बहुतेक लागू पडेल. तीच सिलचरकडची असती तर बोलण्यात बंगाली शब्द आले असते, हाफलोंगची असती तर तिथली बाजारहिंदी, ऐझॉलची असती तर घरातही मिझो चाललं असतं. शिवाय थिएक, ज़ोते, लेइरी अशा कुळांच्या जुन्या बोली वेगवेगळ्या होत्या. चर्च, शाळा आणि छापील पुस्तकं यांतून आजची सामायिक ह्मार घडली. आजींच्या तोंडी एखादा शब्द नातीपेक्षा निराळा आला तर आजी चुकल्या असं धरू नका. वहीत दोन्ही लिहा, पुढे कुणाचा तेही लिहा.

आता दुसरा पाहुणा, इंग्रजी. हा जास्त त्रास देतो, कारण तो घरचाच वाटतो.

तुमच्या यादीत 'बु' असेल, समोर इंग्रजीत 'राइस'. तुम्ही मनात त्याचं मराठी केलंत, तांदूळ. झालं नुकसान. 'बु' म्हणजे भात, आणि तोही आपण वापरतो त्याच दोन्ही अर्थांनी. आपण भात लावतो, भात झोडपतो आणि भात खातो. ह्मारमध्येही बु पेरतात आणि बु खातात. 'बुतु' म्हणजे भाताची पेरणी, त्यावरून सणाचं नाव आहे, बुतु खुओंगचॉइ. आणि 'बु का फाक' म्हणजे मी भात खातो, अर्थात मी जेवतो. 'जेवलात का' या प्रश्नात आपण ज्वारी की तांदूळ हे विचारत नाही, तसंच तिथे. इंग्रजीतल्या 'राइस'मध्ये तांदळाचे दाणेही येतात, तिथे घोळ होतो. शेतातलं पीक आणि ताटातला भात यांना मराठी आणि ह्मार दोघींत एकच शब्द पुरतो. म्हणजे हा शब्द तुम्हाला मराठीतून एका क्षणात कळला असता, इंग्रजीतून गेल्यामुळे दुरावला.

नात्यांचं तर विचारूच नका. इंग्रजीतल्या 'आंटी'त आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या कोंबलेल्या. ह्मारमध्ये आत्याला स्वतंत्र शब्द आहे, 'नि'. सख्ख्या भावंडांत ह्मार लहान-मोठं बघते: थोरला किंवा थोरली 'उ', धाकटं 'नाउ'. दादा-ताई जसं आपण नावाला जोडतो तसा 'उ' नावाआधी लागतो. तुमचा मुलगा वयाने मोठ्या मेहुण्याला नुसत्या नावाने हाक मारत असेल तर त्याला आजच थांबवा. आजी 'पि', आजोबा 'पु'. आणि मामाही 'पु'. इथे मराठीही पुरी पडत नाही, आपल्याला मामा आणि आजोबा वेगळे हवेत. पण येणारे मामा का महत्त्वाचे, हे या शब्दावरून कळेल: आईच्या माहेरचा वडील माणूस, मग तो कुठल्याही पिढीतला असो. लग्नाच्या देण्याघेण्यात मामाचा वाटा असतो. त्यांच्याकडे मुलीकडच्यांना वरपक्षाने द्यायची रीत आहे. इंग्रजी लेखांत तिला 'ब्राइड प्राइस' म्हटलेलं वाचून तुम्ही दचकला असाल, तर आपला देज हा शब्द आठवा. ही रीत आपल्याकडे अनेक समाजांत होतीच. किती, कसं, आज पाळतात की नुसतं नावापुरतं, हे घरावर आहे, ते मुलाने मुलीला सरळ विचारावं.

'पु' आणि 'पि' हेच नावाआधी आदरासाठीही लागतात, आपल्या श्री-श्रीमतींसारखे. जावयाला म्हणतात 'माकपा'. हो, तुमचा मुलगा त्यांचा माकपा होणार. तुमच्या घरात राजकारणावर बोलणारे काका असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

कपड्याचंही तसंच. 'पुओन' पुढे यादीत 'क्लॉथ' असेल. पुओन म्हणजे कापड, पण म्हणजेच अंगावर घ्यायची विणलेली शाल आणि बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्रही. 'पुओन लाइसेन' हे ह्मार बायकांचं मानाचं वस्त्र, लाइ म्हणजे मध्य आणि सेन म्हणजे लाल. पाहुण्यांनी तुमच्या खांद्यावर पुओन घातलं तर ते 'क्लॉथ' नव्हे, ती शाल-श्रीफळातली शाल आहे. लगेच घडी घालून कपाटात ठेवू नका, थोडा वेळ खांद्यावर राहू द्या.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे पुढचं लवकर पटेल. काछार जिल्ह्यातल्या एका गावात पहिल्यांदा शब्द गोळा करायला बसले होते, चुलीजवळ, समोर सत्तरीच्या आजी. माझ्याकडे इंग्रजी शब्दांची छापील प्रश्नावली. शरीराचे अवयव. मी म्हटलं सोपं आहे, बोट दाखवून विचारू. आजींनी स्वतःच्या डोक्याला हात लावला, "का लु." मी लिहिलं कालु. हात पुढे केला, "का कुत." लिहिलं काकुत. पाय, "का के." वही भरत चालली, मी खूश. मग खात्री करायला मी स्वतःचा हात पुढे केला. आजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "इ कुत." मी विचारात पडले, हाताला दोन शब्द? एक उजवा, एक डावा? तसं लिहूनही टाकलं, शेजारी प्रश्नचिन्ह. तासाभराने त्यांची शाळेतून आलेली नात वही बघून खुदकन हसली. का म्हणजे माझा, इ म्हणजे तुझा. हात नुसता कुत. आजी बिचाऱ्या बरोबरच बोलत होत्या. हात कुणाचा तरी असतो, नुसता हात त्यांना कुठून दिसणार? मूर्खपणा माझ्या प्रश्नावलीचा होता.

त्या नातीने मला जे दिलं ते तीनशे शब्दांपेक्षा जास्त कामाचं आहे, म्हणून तुम्हालाही तेच आधी शिकवते. का, इ, आ: माझा, तुझा, त्याचा किंवा तिचा. अनेकवचनी कान, इन, आन. का नु माझी आई, का पा माझे वडील, का इन माझं घर, इ इन तुझं घर. आणि गंमत पुढे आहे. हेच तुकडे क्रियापदापुढेही लागतात. का फे, मी जातो किंवा जाते. इ फे, तू जातेस. आ फे, तो किंवा ती जाते. पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, त्यामुळे क्रियापदाला जातो-जाते करावं लागत नाही, तुम्हाला हा भाग मराठीपेक्षा सोपा. भविष्यासाठी शेवटी दिंग: का फे दिंग, मी जाईन. येण्याला हुंग: का हुंग दिंग, मी येईन. नकाराला शेवटी नॉ: का ह्रिएत नॉ, मला माहीत नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी पाठ करा, फार उपयोगी पडतं.

क्रम मराठीसारखाच: आधी कर्म, मग क्रियापद. बु का फाक, भात मी-खातो. तुइ का दॉन, पाणी मी-पितो. इंग्रजीतून विचार करणारा इथे अडखळतो, मराठीतून करणारा सरळ चालतो. विशेषण मात्र नामाच्या मागून येतं: इन लिएन, मोठं घर. मध्ये आ घातला की वाक्य झालं: इन आ लिएन, घर मोठं आहे. संख्याही मागून: मि पाह्नि, दोन माणसं. अंक सुनेकडूनच म्हणवून घ्या: पाखात, पाह्नि, पाथुम, पालि, पांगा, पारुक, पासारि, पारिएत, पाकुओ, सॉम. भाजीवाल्याच्या तालावर म्हटले की दोन दिवसांत बसतात.

इथपर्यंतचं थोडक्यात: यादीतून मिझो वेगळं काढा, इंग्रजी अर्थावर काट मारून शेजारी मराठी अर्थ लिहा, आणि कोणताही शब्द एकटा पाठ न करता का-इ-आ लावून किंवा छोट्या वाक्यात पाठ करा.

जोडशब्दांबद्दल एक सावधगिरी. तुइ म्हणजे पाणी हे तुम्हाला कळलं. मित म्हणजे डोळा, मग मिततुइ म्हणजे डोळ्यातलं पाणी, आसू. छान. आर म्हणजे कोंबडी. मग आरतुइ? सांगलीचा माणूस म्हणणार, कोंबडीचं पाणी म्हणजे रस्सा! नाही. आरतुइ म्हणजे अंडं. सकाळी नाश्त्याला पाहुण्यांनी आरतुइ मागितलं आणि तुम्ही तांबडा रस्सा पुढे ठेवलात, तर खातील आनंदाने, पण मागितलं ते हे नव्हे. 'पुइ' जोडला की बहुतेकदा मोठेपणा येतो: खॉपुइ म्हणजे शहर, लामपुइ म्हणजे मोठा रस्ता. चहा मात्र थिंगपुइ, थिंग म्हणजे झाड, लाकूड. त्याची फोड करत बसू नका, चहा थंड होईल.

उच्चाराचं आता, कारण यादीत हे कधीच नसतं. भाषेच्या नावापासूनच सुरुवात करावी लागते. 'ह्मार'मधला ह्म आपल्या म्हैस-म्हातारीतल्या म्हच्या जवळचा, पण उलटा. म्हैस म्हणताना घशातला आवाज आधी चालू होतो आणि हवा त्याच्यासोबत येते. ह्ममध्ये ओठ मिटलेले, आवाज बंद, हवा नाकातून फुसकन बाहेर, आणि मग आवाज. नाकाखाली तळहात धरून बघा, आधी वारा लागला पाहिजे. ह्न, ह्ल, ह्र यांचंही असंच. न्हाणी, ल्हान म्हणणाऱ्या जिभेला हे इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर जमतं, हा माझा अनुभव. लिहिताना मात्र म्हार करू नका, मराठी वाचक भलतीकडे जाईल. टीच्या खाली टिंब दिसलं की ट्र-सारखं म्हणा: चांगलं म्हणजे ठ्रा, बसणे म्हणजे ठ्रुंग. च बऱ्याचदा 'चमचा'तल्या चसारखा कानावर येतो. मराठीत दोन्ही च आहेत म्हणून हाही फुकटात मिळाला.

फुकटात न मिळणारी गोष्ट म्हणजे सूर. ह्मार सुरांची भाषा आहे. एकाच अक्षराचा आवाज चढवला, उतरवला की शब्द बदलू शकतो, आणि रोजच्या लिखाणात तो सूर दाखवत नाहीत. 'नि' म्हणजे सूर्य, दिवस, आणि मघाशी सांगितलेली आत्याही. कागदावर सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून कागदावरून पाठ केलेल्या तुमच्या दीडशे शब्दांना मी अर्धे गुण देईन. बाकी अर्धे सुनेने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजाला. रोज पाच शब्द, प्रत्येक दोनदा, मध्ये तुम्हाला म्हणायला जागा सोडून. क्रियापदांचंही तिलाच विचारा. या कुळातल्या भाषांत काही क्रियापदं वाक्यातल्या जागेप्रमाणे रूप बदलतात आणि यादीत एकच रूप छापलेलं असतं. ती वेगळं काही म्हणाली तर तिचं खरं.

बरोबर यादी कुठे मिळेल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आता कळलं असेल, ती बंगळुरूला आहे. तिच्यासोबत बसून साठ शब्द करा. साठांत चार दिवसांचा पाहुणचार आरामात निभतो. मी निवडले तर पुढचे निवडीन: नातीगोती, जेवणखाण, येणं-जाणं-बसणं, हो-नाही-माहीत नाही, आणि आनंद. आभार मानायला 'का लॉम' म्हणतात, शब्दशः मला आनंद झाला. आपल्यालाही घरात धन्यवाद म्हणायला अवघडतं, हे कमी अवघडतं. भेटल्यावर 'चिबाइ', हस्तांदोलनासह. निरोपाला 'मांगठ्रा'. या म्हणायला 'हुंग रॉह', बसा म्हणायला 'ठ्रुंग रॉह'. ही रूपं एका माणसाला उद्देशून आहेत. मंडळी चार असतील, तेव्हा सगळ्यांना एकदम कसं म्हणायचं ते सुनेकडून घ्या.

दोन गोष्टी शब्दांच्या थोड्या पलीकडच्या. ट्रॉंगट्राइ म्हणजे प्रार्थना. ताटं वाढून झाली की घरातला एकजण डोळे मिटून ती म्हणतो, आपल्या 'वदनी कवळ घेता'सारखीच. काछारला पहिल्या दिवशी मी घास तोंडापर्यंत नेला आणि बघते तर सगळ्यांच्या माना खाली. आग्रह करकरून वाढायची आपली सवय त्या दोन मिनिटांपुरती आवरा. आणि रविवार म्हणजे पाथिएन्नि, देवाचा वार. चर्चचा दिवस. आपण कार्यक्रम हमखास रविवारी ठेवतो, तेव्हा साखरपुड्याची तारीख पक्की करण्याआधी विचारून घ्या. ५ डिसेंबरही टाळा, त्या दिवशी सिक्पुइ रुओइ असतो, ह्मारांचा हिवाळी सण. रुओइ म्हणजे मेजवानी. मिझोत रुआइ. दुसरी खूण आठवली ना?

आणखी एक. 'इन' म्हणजे घर हा शब्द तुम्हाला येतो म्हणून "तुमचं घर कसं आहे, गावाकडे सगळे बरे ना" असा प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारू नका. मे २०२३पासून मणिपुरात जे झालं त्यात चुराचांदपूरच्या बाजूला कितीतरी घरं जळाली, माणसं गेली, नातलग पांगले. त्यांच्या घरचं काय झालं हे मुलाला माहीत असेल, आधी त्याच्याकडून समजून घ्या. ते स्वतःहून बोलले तर ऐका. शब्द कमी पडले तर पडू द्या.

राहिलं तुमचं स्वतःचं नाव. तिकडे बाईला थेट नावाने हाक मारण्यापेक्षा मुलाच्या नावापुढे 'नु' लावून, अमक्याची आई असं बोलवायची पद्धत आहे. वडिलांना 'पा' लावून. मुलाचं नाव सागर असेल तर तुम्ही सागर नु, तुमचे यजमान सागर पा. तेव्हा आजींनी स्वयंपाकघराच्या दारातून तशी हाक मारली तर त्या सागरला शोधताहेत असं समजून त्याला पुढे पाठवू नका, स्वतः जा. बहुतेक थिंगपुइ हवा असेल.